काळ्या अस्तराचा पडदा

वालूरला आमचं कापडाचं दुकान रस्त्याच्या तोंडाशी होतं आणि घर त्याच्या पाठीशी. मधे एकच दार, आणि दाराला छिटाचा पडदा. पडद्यापलीकडे आप्पा, म्हणजे माझे वडील, गादीवर बसायचे. अलीकडे माय आपलं शिवणाचं मशीन मांडून बसायची. आप्पा कापड कात्रीनं कापत नसत. कडेला जरा चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी एका दमात फाडायचं, अशी त्यांची रीत. त्या आवाजावरून मायला आत बसल्या बसल्या कळायचं की गिऱ्हाइकानं काय घेतलं. मांजरपाटाचा आवाज जाडा, लठ्ठ्याचा कोरडा, पॉपलीनचा बारीक. भाकरी थापता थापता ती मला म्हणायची, "नंदे, पॉपलीन गेलं. लग्नघरचं गिऱ्हाईक दिसतंय, आता चहा सांगतील. आधण ठेव." आणि खरंच पलीकडून हाक यायची. माझं सगळं बालपण या फाडण्याच्या आणि शिवण्याच्या दोन आवाजांमध्ये गेलं. आजही परभणीच्या बाजारात कुणी ठाणातून कापड फाडलं की माझी मान आपोआप वळते. आता बहुतेक ठिकाणी कात्रीच चालते, त्यामुळे मान वळायचे प्रसंगही कमी झालेत.

आम्ही शंकराला मानणारी माणसं. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, तळहातावर लिंग घेऊन पूजा. त्याशिवाय आप्पा दुकानाची फळी काढत नसत. घरात आवाज चढवायचा नाही असा दंडक होता, आणि तो सगळ्यात जास्त पाळला मायनं. ती भांडायचीच नाही. राग आला की जाऊन मशीनवर बसायची. मग जे हाताला लागेल ते शिवणार: पिशव्या, टोपरी, जुन्या धोतराची फडकी. राग जितका मोठा तितकी खडखड मोठी. एकदा काशीकाकू, आमच्या धाकट्या काकांची बायको, म्हणाली होती, "जाऊबाई, तुमी येकदा तोंडानं बोला की. घरात पिशव्या ठिवायला जागा ऱ्हायली न्हाई." माय हसली आणि आणखी एक पिशवी तिच्याच हातात दिली. आप्पांना या खडखडीचा अर्थ कळत नाही असं मला तेव्हा वाटायचं. नवऱ्यांना काय काय कळतं आणि ते काय काय कळू देत नाहीत, हे समजायला माझंच अर्धं आयुष्य गेलं.

शिवरात्रीनंतर गावात महादेवाची जत्रा भरायची. उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन कंटाळलेल्या जिभेला जत्रेत गोडीशेव मिळायची, रेवड्या मिळायच्या, आणि घरी माय तीळ लावून धपाटे करायची. पण आम्हा पोरींचा जीव अडकलेला असायचा तो ओढ्याकाठच्या तंबूत. बाबूमियाँ नावाचा एक काटकुळा, मेंदीनं दाढी रंगवलेला माणूस दरवर्षी जत्रेला सिनेमाचा तंबू घेऊन यायचा. दुपारपासून त्याचा भोंगा गाणी वाजवायला लागे आणि ती गाणी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत. जनरेटरचा धडधडाट सुरू झाला की भाकरी करपायच्या, कारण करणारीचं लक्ष ठिकाणावर नसे.

आता या तंबूची रचना नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पडदा तंबूच्या एका टोकाला नसायचा, बरोबर मध्यावर टांगलेला असायचा. एका बाजूला सिनेमाचं मशीन, आणि मशीनच्या पुढे, पडद्यासमोर, पुरुष. पडद्याच्या मागच्या बाजूला आम्ही बायका. पुरुषांनी बायकांकडे बघू नये आणि बायकांनी पुरुषांकडे, म्हणून गावच्या पंच कमिटीनं ठरवलेली ही सोय. पडदा पातळ मांजरपाटाचा. खेळ सुरू व्हायच्या आधी बाबूमियाँ त्याच्यावर पाणी मारायचा. कापड ओलं झालं की उजेड आरपार येतो आणि चित्र मागेही उमटतं. समोरच्याइतकं लख्ख नसेल, पण दिसायचं. मागे बसणाऱ्याला अक्षरं उलटी दिसतात हे आम्हाला माहीत होतं. पण नावं सगळी इंग्रजीत, आणि ती वाचणारी आमच्यात होती कोण? अक्षरं उलटी असली तर असू देत, माणसं तर सरळ उभी आहेत ना, डोकं वर आणि पाय खाली, एवढ्यावर आमचं समाधान होतं.

या सोयीतून वालूरच्या बायकांचे काही पक्के समज झाले होते. एक म्हणजे मुंबईची माणसं डाव्या हातानं जेवतात. केवढे मोठे बंगले, केवढ्या मोटारी, आणि जेवायला डावा हात! मायला त्याचं फार वाईट वाटायचं. ती म्हणायची, "पैसा आला की वळण जातं, दुसरं काय." मी एकदा नटीसारखी डाव्या हातानं भाकरी मोडायला गेले तर पाठीत धपाटा बसला, आणि तो तिळाचा नव्हता. दुसरा समज पदराचा. सिनेमातल्या बाया पदर उजव्या खांद्यावर टाकतात, म्हणजे तीच नवी फॅशन, असं काशीकाकूनं ठरवलं आणि तीही उजव्या खांद्यावर पदर टाकायला लागली. बाहेर जाताना दारातल्या आरशात बघून तो चापूनचोपून बसवायची. शेजारणी हसल्या तर म्हणायची, "तुमाला न्हाई कळायचं. सिनेमा बघा जरा." आम्ही सगळ्या एकाच पडद्यामागे बसत होतो, पण अभ्यास तिचा जास्त.

त्या वर्षी जो सिनेमा आला त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही तो मोबाइलवर शोधाल आणि माझं प्रकरण अर्ध्यावर टाकून तिकडे बसाल. लोक आता त्याला अभिजात वगैरे म्हणतात. तेव्हा तो नुसता हसवणारा आणि घाबरवणारा सिनेमा होता, दोन्ही एकाच वेळी. गोष्ट अशी की छत्र्या दुरुस्त करणारा एक भित्रा माणूस पावसाळा संपल्यावर पोटासाठी डोंगरावरच्या एका बंगल्यात राखणदार म्हणून लागतो. बंगल्यात पाहुणे जमलेले: एक वकील, एक डॉक्टर, एक म्हातारा नबाब, एक नाचणारी बाई, आणखी एकदोघे. मालकाचा खून होतो. मरता मरता मालक आपल्या राखणदाराला एवढंच सांगतो की मारणारा डाव्या हाताचा होता. राखणदार मग प्रेत कपाटात लपवतो, कपाट उघडलं की ते अंगावर पडतं, तो त्याला दटावून पुन्हा आत बसवतो, त्याची टोपी सारखी करतो. हसून हसून आमच्या बरगड्या दुखल्या. आणि त्याच वेळी मी मायचा दंड घट्ट धरून बसले होते, कारण जिन्यावर कुणाची तरी सावली हलत होती.

मग तो मोसंब्यांचा प्रसंग आला. खुनी डावखुरा आहे, तेव्हा कोण डावखुरा ते शोधायचं. म्हणून राखणदार जेवणाच्या टेबलाशी उभा राहून एकेका पाहुण्याकडे अचानक मोसंबी फेकतो. कोण कोणत्या हातानं झेलतो ते बघायचं. डॉक्टरनं झेललं डाव्या हातानं. आमच्या बाजूला कुजबूज झाली: हाच. नबाबानंही डाव्याच हातानं झेललं. हा पण? नाचणाऱ्या बाईनं डाव्या हातानं. काशीकाकू म्हणाली, "आगं बया, समदेच मिळालेले हायत." फक्त एक वकील. त्यानं शांतपणे उजव्या हातानं मोसंबं झेललं, सोललं आणि खाल्लं. सगळ्या बायकांचा जीव त्या वकिलावर बसला. एवढ्या पापी माणसांत हा एकटा सज्जन, याला आता कोण वाचवणार, म्हणून मायनं पदर डोळ्याला लावला. आणि तिकडे पडद्यापलीकडे पुरुष ओरडत होते, "वकील! वकील! धरा त्याला!" आम्हाला वाटलं, वकिलाला मदत करा म्हणून ओरडतायत. पुरुषांनाही कधी कधी माया येते.

शेवटाच्या तोंडावर, राखणदार आणि वकील एकाच खोलीत, दार बाहेरून बंद, आणि पडदा पांढरा झाला. त्या काळी एकाच सिनेमाची रिळं दोन तंबूंत फिरवायचे. इथं एक रीळ संपलं की ते मोटारसायकलीवरून दुसऱ्या जत्रेत, तिथलं संपलं की इथं. शेवटचं रीळ चारठाण्याच्या तंबूतून यायचं होतं ते आलंच नाही. गाडी वाटेत बंद पडली होती. बाबूमियाँ हात जोडून पुढे आला. "भाई लोगां, मेरा क्या कसूर? कल पूरा खेल फिरसे दिखातूं, येइच तिकटां पे." पण पुरुषांची बाजू खवळली होती. कुणी ढेकूळ मारलं, कुणी नारळाची करवंटी, आणि आमच्या डोळ्यांसमोर पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. त्या फटीतून पहिल्यांदा मला पलीकडचं दिसलं. सगळे चेहरे उजेडात, सगळे एकाच दिशेला. ते आमच्याकडे बघत नव्हते. त्यांना समोर बघायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. खुनी कोण? दुकानात सकाळपासून बैठक भरली. पंच कमिटीचे पाटील गादीवर रेलून सांगत होते की त्यात काय कोडं आहे, खुनी वकील, शेंबडं पोरगंही सांगेल. मी पडद्याअलीकडे गवारीच्या शेंगा मोडत होते. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं, आताही फारसं नाही. मी तिथूनच म्हणाले, "वकील कसा आसंल? तो येकटाच तर उजव्या हाताचा हाय. बाकीचे समदे डावखुरे." मग असा हशा उठला की रस्त्यावरची माणसं डोकावली. पाटील हसता हसता म्हणाले, "आप्पा, बघा. बायकांचं समदंच उलटं. डावा हात कोन्ता आन् उजवा कोन्ता ते कळंना, आन् निघाल्या निवाडा द्यायला." आणि आप्पाही हसले. दुकानदार गिऱ्हाइकाबरोबर हसतोच, त्यात त्यांचं काही गेलं नाही. पण अलीकडे माय बसली होती. तिनं काल त्या वकिलासाठी डोळे पुसले होते. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला पाटलांचा नाही, आप्पांचा राग आला.

दुपारी बाबूमियाँ दुकानात आला. पडदा सांधण्यापलीकडे गेला होता, नवा हवा होता, आणि तो संध्याकाळच्या आत हवा होता. आप्पांनी लठ्ठ्याचं ठाण काढलं, लांबच लांब पट्टे फाडले आणि आत आणून मायपुढे टाकले. "एवढे जोडून दे. बिचाऱ्याचा खेळ अडायलाय." मायनं पहिला पट्टा उचलून दाराच्या उजेडात धरला, सूत बघायला. मी तिच्यासमोर, कापडाच्या दुसऱ्या बाजूला, बसलेले. कापडाच्या टोकाला गिरणीचा निळा शिक्का होता: सोंड वर केलेला हत्ती आणि खाली ठाणाचे आकडे. मला तो हत्ती डावीकडे तोंड करून दिसत होता आणि आकडे उलटे. मी उठून मायच्या बाजूला गेले. हत्ती उजवीकडे बघत होता. पुन्हा पलीकडे गेले. डावीकडे. मी अशा फेऱ्या घालायला लागले तेव्हा माय म्हणाली, "काय झालं तुला? गोल कामून फिरायलीस?"

"माय," मी म्हणाले, "हत्ती फिरायलाय. मी न्हाई."

तिला दाखवलं. ती शिवणारी बाई, तिला दोन वाक्यांच्या वर सांगावं लागलं नाही. तिनं कापड मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे वकील डाव्या हाताचा." मी मान हलवली. "आन् मुंबईची माणसं उजव्याच हातानं जेवतेत." मी पुन्हा मान हलवली. "आन् काशीचा पदर..." इथं मात्र आम्ही दोघी हसत सुटलो, तोंडात पदर कोंबून, कारण काशीकाकू ओसरीतच गहू निवडत होती. पण हसू ओसरलं आणि मायचे डोळे भरले. "इतकी वर्सं," ती म्हणाली, "आमी उलटं बघत आलोत. आन् हे लोक समोर बसून आमालाच हसायलेत." माझ्या आईला अपमान लागलेला मी तेवढा एकदाच पाहिला. ती आधी कधी दुखावली नसेल असं नाही, पण दाखवलं तेव्हाच. आणि मी ठरवून टाकलं की आज काही झालं तरी ही बाई तो सिनेमा समोरून बघणार.

मला ठरवायची गरज नव्हती, तिचं ठरलं होतं. आप्पा पाणी प्यायला आत आले तेव्हा ती सरळ म्हणाली, "आवं, आज आमी समोर बसतो. तुमी येका बाजूला, आमी येका बाजूला. मधी दोरी बांधा पायजे तर."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "ते कसं जमंल? बापजाद्यांपासून बायका पडद्यामागंच बसायल्यात."

बापजाद्यांच्या काळात वालूरला सिनेमा कुठून आला होता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी विचारणार होते, मायनं डोळ्यानं दाबलं.

"मी येकटा काय करू? कमिटी हाय, पाटील हायत," आप्पा म्हणाले. "आन् सिनेमाच तर हाय. मागून काय आन् समोरून काय, दिसतं तर हाय ना?"

"दिसतं मनून बसायचं मागं?" मायनं विचारलं.

"हौ. दिसतंय तवर कशाला हुज्जत?" असं म्हणून ते दुकानात गेले. त्यांना वाटलं विषय मिटला.

माय थोडा वेळ त्या छिटाच्या पडद्याकडे बघत राहिली. मग उठली, माळ्यावर चढली आणि तिथून काळ्या अस्तराचं ठाण खाली ढकललं. धुळीचा लोट उठला. कुण्या शिंप्यानं कोटासाठी मागवलेलं आणि न नेलेलं ते ठाण कित्येक वर्षं तिथं पडून होतं. जाड, कोळशासारखं काळं. मला आधी कळेना. तिनं लठ्ठ्याचे पट्टे जोडले, मग तेवढ्याच मापाचं अस्तर जोडलं, आणि मग दोन्ही एकमेकांना पाठीला पाठ लावून शिवायला घेतले. तेव्हा मला कळलं. या कापडातून उजेडाचा कणही पलीकडे जाणार नव्हता.

"माय, आप्पा रागावतील," मी म्हणाले.

"दिसतंय तवर बसा मनले ना ते," माय म्हणाली. "तू कापड धर. वड पडू देऊ नको."

मी कापड धरलं. काशीकाकूला बोलावलं, तिला हत्ती दाखवला. तिनं आधी हत्तीकडे, मग स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं आणि दुसरं टोक धरायला बसली. मशीन जे सुरू झालं ते थांबेना. एवढी खडखड आमच्या घरानं कधी ऐकली नव्हती. पलीकडून आप्पांचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, पुन्हा यायचा. एकदा ते पडद्यापर्यंत आले, त्यांची पावलं मला खालून दिसली, पण पडदा सारला नाही. परत गेले. दोऱ्याची रिळं संपली, सुई मोडली, नवी घातली. मायच्या पायाला वांब आला तेव्हा मी पायंडल मारलं. खायला सकाळचं धपाटं होतं, ते काकूनं तिच्या तोंडात भरवलं, कारण हात कापडावरून काढायला तिला फुरसत नव्हती.

दिवस कलताना बाबूमियाँ न्यायला आला. घडी उचलून त्यानं वजन घेतलं, कोपरा उलटला, काळी बाजू पाहिली. त्याच्या धंद्यातली गोष्ट ती, त्याला कळायला वेळ लागला नाही. तो दाराशी उभ्या असलेल्या मायकडे बघत राहिला. "भाभी, ये तो लई वजनी हो गया."

"वाऱ्यानं फाटणार न्हाई आता," माय म्हणाली. "आन् समोरून चित्र उजळ दिसंल."

"वो तो हौ," तो म्हणाला. दाढीवरून हात फिरवला. "मैं तो पर्दा मंग्या था. पर्दा मिल्या. मेरेकू और क्या करनेका?" आणि घडी खांद्यावर टाकून निघून गेला.

दिवेलागणीला आम्ही तंबूत गेलो, नेहमीसारख्या मागच्या बाजूनं, आणि नेहमीच्या जागी बसलो. मायनं बायकांना आधी काही सांगितलं नव्हतं. जनरेटर धडधडला, दिवे गेले, पलीकडे बाजा वाजायला लागला, पुरुष हसायला लागले. आमच्यापुढे मात्र काळं कापड. जराही काही नाही. छत्रीवाल्याचं गाणं सुरू झालं, पण तो कुठे दिसेना. कुणी म्हणालं मशीन बिघडलं, कुणी म्हणालं थांबा, येईल. तेव्हा माय उठून उभी राहिली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण त्या अंधारात सगळ्यांना ऐकू गेला.

"हितं अंधार हाय बायांनो. चला, उजेडात बसू."

ती कनातीच्या कडेनं चालायला लागली. मी तिच्या मागे, माझ्या मागे काशीकाकू. मागे वळून बघायची हिंमत मला होईना. पडद्याला वळसा घालून आम्ही समोर आलो आणि मशीनचा झोत सरळ डोळ्यांवर आला. तेव्हा कुठे मागून बांगड्यांचा आवाज ऐकू आला, आणि तो वाढतच गेला. सगळ्या येत होत्या. लेकरं काखेत घेऊन, चपला हातात धरून, सगळ्या.

पाटील ताडकन उठले. "ओ, ओ, हिकडं कुठं? आप्पा, ही काय रीत झाली? तुमचीच मानसं फुडं हायत." चित्र आमच्या अंगावर पडत होतं, मायच्या लुगड्यावर डोंगर आणि बंगला हलत होता. माय पाटलांशी बोललीच नाही. ती आप्पांकडे बघून म्हणाली, "मागं अंधार हाय. दिसतंय तवर बसा मनले होते तुमी. दिसंना आता."

आप्पा उठले. सगळ्या तंबूची नजर त्यांच्यावर. ते पडद्याजवळ गेले आणि मागच्या बाजूला दिसेनासे झाले. तिथं जाऊन त्यांनी काय केलं ते मला दिसलं नाही. बाहेर आले तेव्हा पडद्याच्या कडेशी थांबले, आणि मी बघितलं, त्यांनी अंगठा शिवणीवरून हळूहळू फिरवला. ती शिवण ते ओळखणार नाहीत असं शक्यच नव्हतं. दुपारभर ती खडखड त्यांनी ऐकली होती. एक शब्द बोलले असते, की कापड उसवा, तर बाबूमियाँनं उसवलं असतं.

"अंधारच हाय मागं," आप्पा म्हणाले. "पाटील, बसू द्या त्यांना. सरका रे पोरांनो तिकडं."

पाटील काहीतरी पुटपुटले, पण पोरं सरकली. पोरांना सिनेमा बघायचा होता, रीत नाही. आम्ही बसलो. बाबूमियाँनं आपल्या मनानंच रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. आणि मी पहिल्यांदा सिनेमा समोरून पाहिला. रंग कसे होते म्हणाल तर सिनेमा काळापांढराच होता, पण पांढरा एवढा पांढरा असतो हे मला माहीत नव्हतं. मोसंब्यांचा प्रसंग आला. डॉक्टरनं उजव्या हातानं झेललं, नबाबानं उजव्या, नाचणाऱ्या बाईनं उजव्या. वकिलानं हात वर केला, डावा. आणि बायकांच्या बाजूनं एकच ओरडा झाला, "ह्योच! ह्योच तो मेला!" पुरुष इतके हसले, आणि आमच्याबरोबर हसले. मायनं कालच्या अश्रूंचा हिशेब त्या वकिलाला शिव्या देऊन चुकता केला. माझ्या शेजारी काशीकाकूनं अंधाराचा फायदा घेऊन पदर गुपचूप डाव्या खांद्यावर घेतला. मला दिसलं, पण मी तिला जन्मात कधी तसं बोलून दाखवलं नाही. शेवटचं रीळ त्या दिवशी वेळेवर आलं. खुनी वकीलच निघाला. पाटलांचं म्हणणं खरं ठरलं आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

घरी येताना आप्पा पुढे चालत होते. ओढा ओलांडल्यावर न थांबता म्हणाले, "अस्तर कोन्तं वापरलंस?" माय म्हणाली, "माळ्यावरचं. जे इकत नव्हतं ते." आप्पांनी हं केलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. पण ते हसत होते.

त्यानंतर बाबूमियाँ येत राहिला तोवर वालूरच्या बायका समोर बसल्या, मधे दोरी बांधून. परवा नातीनं तोच सिनेमा मोबाइलवर लावून दिला. मी बघत होते, आणि तिनं मधेच त्याच मोबाइलवर आम्हा दोघींचा सेल्फी काढायला घेतला तर माझा पदर उजव्या खांद्यावर दिसला. ती म्हणाली, "आजी, सेल्फीत उलटंच दिसतं." मी म्हणाले, "मला सांगू नकोस."

पण मला खरं सांगायचं आहे ते त्या जत्रेनंतरचं. दहावीचा निकाल लागला, मी चांगल्या गुणांनी पास झाले, आणि पुढे शिकायचं तर परभणीला वसतिगृहात राहावं लागणार होतं. मी आप्पांना सांगितलं, मी जाणार. ते म्हणाले, आपल्यात कुणी पोरीला असं ठेवलंय का, माणसं काय म्हणतील, कमिटी आहे, पाटील आहेत. मी दोन दिवस जेवले नाही, त्याचाही काही उपयोग झाला नाही. माय या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून ती मशीनवर बसली, झाकण काढलं, आणि खडखड सुरू झाली.

पलीकडे आप्पा गिऱ्हाइकाला भाव सांगत होते. त्यांचा आवाज थांबला. खडखड चालूच. गिऱ्हाइकाला बसा म्हणून ते उठले, आणि या वेळी पडद्याशी थांबले नाहीत. तो सारून सरळ आत आले.

"काय शिवायलीस?"

मायनं कापड सुईखाली पुढे सरकवलं.

"हे बघ," आप्पा म्हणाले, "आता आनखी काही शिवू नको. जाऊ दे तिला परभणीला. पाटलाला काय सांगायचं ते मी सांगतो."

मायनं दोरा दातानं तोडला आणि शिवलेलं कापड झटकून आमच्यापुढे धरलं. पांढऱ्या लठ्ठ्याचा, बारीक टिपेचा, एकच लहानसा चौकोन.

"उशीचा अभ्रा हाय," ती म्हणाली. "वसतिगृहात उशी लागंल का न्हाई तिला?"